पितळ उघडं पडलं, त्याची गोष्ट

माझ्याकडे आलेला पहिला लष्करी कंपास नकली होता, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी शहाणपणा शिकवायला लागलो की तो कुठून आला ते तुम्हाला कळेल. चकचकीत पितळी, हातात घेतला की छान जड, झाकणाच्या आत एक इंग्रजी कविता कोरलेली आणि बाहेर झोकात लिहिलेलं, केल्विन अँड ह्यूजेस, लंडन, १९१७. मी हरखूनच गेलो. पहिल्या महायुद्धातला कंपास आणि तो माझ्या टेबलावर! पाच-सहा महिने येईल त्याला दाखवला, कुणीतरी सैनिक खंदकात बसून ती कविता वाचत असेल अशी कथाही मीच रचली, आणि मग एका रात्री सहज त्या कंपनीचा इतिहास वाचत बसलो तर कळलं की केल्विनवाले आणि ह्यूजेसवाले एकत्र आले तेच मुळी १९४७ साली. म्हणजे माझा कंपास कंपनीच्या जन्माआधी तीस वर्षं तयार झालेला. कंपनीचा बिचारीचा यात काहीच दोष नाही, कुणीतरी शोभेच्या मालावर तिचं नाव ठोकून दिलं एवढंच. तो अजून आहे माझ्याकडे, पंखा लावला की कागदांवर ठेवतो.

राग आला तो विकणाऱ्यापेक्षा स्वतःचाच जास्त. मग ठरवलं की तीन महिने काहीही विकत घ्यायचं नाही, फक्त बघायचं आणि वाचायचं. ऑक्शनच्या लिस्टिंगमधले फोटो सेव्ह करून ठेवायचो, झूम करून मागचे शिक्के वाचायचो, स्क्रू कसले आहेत, आकडे ठोकलेत की लेझरने कोरलेत ते बघायचो. नकली मालात आकडे फार सुबक असतात. खऱ्यात एखादा आकडा वर गेलेला, एखादा तिरका, कारण कामगाराने एकेक पंच हातोडीने ठोकलेला असतो आणि युद्ध चालू असताना कुणाला सुबकपणाला वेळ होता?

ह्या तीन महिन्यांत एक गोष्ट पक्की झाली, आपल्याला हवा व्हर्नर. विलोबी व्हर्नर हा ब्रिटिशांच्या रायफल ब्रिगेडमधला अधिकारी, सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत मिलिटरी टोपोग्राफी, म्हणजे सैन्यासाठी जमिनीची पाहणी आणि नकाशे, हा विषय शिकवायचा, आणि माणूस मोठा वल्ली. निवृत्तीनंतर स्पेनमध्ये पक्ष्यांची घरटी बघायला कडे चढायचा, आणि १९११ च्या सुमारास रोंडाजवळच्या ला पिलेटा गुहेत उतरून तिथली आदिमानवाची चित्रं जगासमोर आणणारासुद्धा हाच. प्रिझम लावलेला कंपास काही त्याचा शोध नाही, त्याचं पेटंट श्माल्काल्डर नावाच्या माणसाने १८१२ मध्येच घेतलं होतं, पण तो मोजणीदारांच्या कामाचा होता, निवांत उभं राहून वाचायचा. व्हर्नरने तो अंधारात, घाईत, थंडीने बोटं बधिर झालेल्या माणसाला वापरता येईल असा केला. त्याच्या नावाच्या मॉडेलांना मार्क म्हणतात, आठपर्यंत गेले ते, आणि महायुद्धात सगळ्यात जास्त दिसतो तो मार्क ७. बनवणारे बरेच, क्रूशॉन अँड एमन्स, ई. आर. वॉट्स वगैरे.

खिशातल्या घड्याळासारखे दिसणारे छोटे कंपासही त्याच काळातले, जिनिव्हाच्या एड. कोनचे वगैरे, शिंपल्याची डायल असलेले, फार देखणे असतात. बरेच लोक त्यांच्यापासून सुरुवात करतात कारण ते खूप मिळतात. आणि द्रव भरलेला क्रे-ऑस्बोर्न, त्याच्यात तबकडी, म्हणजे काट्याच्या जागी फिरणारी आकडे छापलेली चकती, लगेच स्थिर होते, पण शंभर वर्षांत आतला द्रव कुठून ना कुठून झिरपतो आणि मोठा बुडबुडा होऊन बसतो. त्याच्या वाटेला मी गेलो नाही.

तर शेवटी एक मार्क ७ मिळाला. काळपट, मळका, झाकणाची बिजागरी जरा ढिली, पण प्रिझम शाबूत आणि काच न फुटलेली. मागे व्हर्नर्स पॅटर्न, रोमन आकड्यात सात, नंबर, १९१७, आणि सरकारी मालावरचा तो तीन रेघांचा बाण. ह्या बाणाचं एक सांगून ठेवतो, दोन बाण एकमेकांकडे टोकं करून ठोकलेले दिसले तर ती वस्तू सैन्याने नंतर विकून टाकलेली असते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, उलट तिचा कागदोपत्री निरोप समारंभ झाला म्हणायचा. माझ्यावर एकच बाण होता. आणि त्याच्या खाली, कुणीतरी टाचणीने किंवा चाकूच्या टोकाने खरवडलेलं काहीतरी, मळात बुजलेलं. दोन-तीन अक्षरं आणि मग एक आडनाव असावं असं वाटत होतं.

आता इथे मी जे केलं ते लिहायला अजूनही हात जड होतो. मळ आहे ना, मग काढू या, म्हणजे नाव नीट दिसेल, असा साधा सरळ विचार. पितळ घासायची पेस्ट आणली, जुनं फडकं घेतलं आणि रविवारची दुपार बसून गोल गोल घासला. काय चमकला! बायको म्हणाली, अरे वा, नवाच वाटतोय की. मी खूश होऊन फोटो काढले आणि एका ज्येष्ठ संग्राहकांना पाठवले, मी त्यांना काका म्हणतो, चाळीस वर्षं ह्यात आहेत आणि नकली कंपासाच्या प्रकरणानंतर त्यांनीच मला जरा हाताशी धरलं होतं. पाच मिनिटांत त्यांचा फोन.

"घासलास?"

"हो काका."

"कुठे कुठे?"

"सगळाच."

बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग म्हणाले, "तो काळा रंग मळ नव्हता रे. मुद्दाम काळा केलेला असतो तो. रात्री चांदण्यात चमकला तर पलीकडून गोळी येईल म्हणून. शंभर वर्षं टिकला होता बिचारा."

पितळ उघडं पडणं म्हणतात ते मी असं अक्षरशः करून बसलो. काका पुढे एवढंच म्हणाले की आता त्याला काही लावू नकोस, परत काळा करायच्या नादाला तर अजिबात लागू नकोस, आणि निदान चालतो का ते बघ.

चालतो का ते बघायची पद्धत त्यांनी फोनवरच सांगितली, आणि ही मला फार आवडते कारण हिला काहीच लागत नाही. कंपास लाकडी टेबलावर ठेवायचा, घड्याळ मोबाईल सगळं लांब. तबकडी शांत झाली की आकडा लिहून घ्यायचा. मग लोखंडी किल्ली बाजूला आणून तबकडी नव्वदेक अंश फिरवायची, किल्ली लांब न्यायची, आणि थांबली की परत आकडा. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून, असं दहा वेळा. तबकडी ज्या बारीक टोकावर फिरते ते टोक किंवा त्याच्या वरची खड्याची वाटी झिजली असेल तर ती दरवेळी जराशा वेगळ्या जागी अडखळते. माझ्या दहा आकड्यांत सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा यात दीड अंशाचा फरक आला. काका म्हणाले, त्याच्या वयाला चांगला आहे, माझे गुडघे एवढं नीट येत नाहीत जाग्यावर.

तबकडी मात्र तिरकी बसत होती. दक्षिणेची बाजू खाली झुकलेली, इतकी की जरा हात हलला तर कड खाली घासायची. मला वाटलं वाकलंय काहीतरी. पण नाही, ह्याचं कारण फार मजेदार निघालं. पृथ्वीचं चुंबकत्व सुईला नुसतं उत्तरेकडे ओढत नाही, उत्तर गोलार्धात ते तिचं उत्तर टोक जमिनीत खालीसुद्धा खेचतं, आणि लंडनला ही खेच आडव्या रेषेपासून ६७ अंशांच्या आसपास. म्हणून तिथला कारागीर तबकडीच्या दक्षिण बाजूला किंचित वजन देऊन ती सपाट करायचा. मी राहतो तिथे ती खेच बरीच कमी, त्यामुळे ते वजन आता जास्त होतं आणि दक्षिण बाजू बसते. म्हणजे बिघाड काही नाही, साहेब अजून लंडनच्या हिशेबाने उभे आहेत. ते वजन कमी करून देऊ का असं एका घड्याळजीने विचारलं होतं, पण तोवर मी घासण्यातून थोडाफार शिकलो होतो, हात जोडले.

मग तो वापरायला शिकलो, आणि ह्यात महिना गेला असेल. फळीवर ठेवून दिलेला कंपास आणि हातात धरून वाचलेला कंपास यात फार फरक आहे. अंगठा खालच्या कडीत घालायचा, झाकण उभं करायचं, झाकणाला काचेची खिडकी आणि तिच्यात एक बारीक उभी रेघ. प्रिझममधून बघताना ती रेघ लांबच्या झाडावर किंवा टॉवरवर धरायची आणि त्याच वेळी प्रिझमच्या खालच्या भागात तबकडीवरचा आकडा वाचायचा. पहिल्यांदा आकडे अंधुक दिसले तर प्रिझम वरखाली सरकवून फोकस करता येतो हे मला चौथ्या दिवशी कळलं. तबकडी डोलत राहते, तर बाजूला एक बटण आहे, ते बोटाने हलकेच दाबून सोडायचं, दाबायचं, सोडायचं, झोपाळ्यावरच्या पोराला आपण हळूहळू थांबवतो तसं. एकदम दाबलं की तबकडी भलत्याच आकड्यावर अडकते आणि आपल्याला वाटतं जमलं.

आणि आकड्यांच्या दोन रांगा! आतली सरळ, वरून वाचायची. बाहेरची उलटी छापलेली, आरशात दिसतात तशी, आणि शिवाय १८० अंशांनी फिरवलेली, म्हणजे उत्तरेचा शून्य चक्क दक्षिणेच्या टोकावर. मी आधी हे छपाईची चूक समजलो होतो. पण विचार करा, उत्तरेकडे तोंड करून प्रिझममधून बघितलं तर आपल्या जवळची, डोळ्याखालची कड कुठली येते, तर दक्षिणेची. प्रिझम तीच कड दाखवतो आणि उलटवून दाखवतो. म्हणून तिथेच शून्य हवा आणि तोही उलटा छापलेला. हे डोक्यात शिरलं त्या संध्याकाळी मी घरात सगळ्यांना एकेक करून प्रिझममधून बघायला लावलं, कुणालाच माझ्याएवढं कौतुक वाटलं नाही.

रात्रीसाठी वरची काच फिरते, तिच्यावर चमकणारी एक रेघ. दिवसाउजेडी ती काच हव्या त्या कोनावर लावून स्क्रू घट्ट करायचा, मग अंधारात तबकडीवरची चमकणारी खूण त्या रेघेखाली आणली की झाकणाच्या दिशेने चालत सुटायचं, आकडा वाचायची गरजच नाही. काडी पेटवायची नाही, टॉर्च नाही. मी हे मोकळ्या मैदानात करून बघितलं, खुणा आता चमकत नाहीत म्हणून नुसत्या चांदण्यावर, आणि तीनशे पावलांत बराच डावीकडे भरकटलो. नंतर लक्षात आलं, कमरेला जाड लोखंडी बक्कल होतं. माझ्या अंगावर एक बक्कल, त्या सैनिकांच्या डोक्यावर पोलादी हेल्मेट, खांद्यावर रायफल आणि समोर काटेरी तारा. कसे जात असतील कोण जाणे.

खुणा चमकत नाहीत म्हणालो, आता त्याबद्दल, आणि इथे मात्र मस्करी नको. त्या खुणांच्या रंगात रेडियम आहे. रेडियमच्या किरणांनी झिंक सल्फाइड चमकतं, आणि शंभर वर्षांत थकलंय ते झिंक सल्फाइड, रेडियम नाही. रेडियमचं अर्धआयुष्य सुमारे १६०० वर्षं, म्हणजे शंभर वर्षांत जेमतेम चार टक्के कमी झालंय. खूण काळी पडली, चमकत नाही, म्हणजे आता निर्धोक, असं बऱ्याच जणांना वाटतं, मलाही वाटायचं. पितळाच्या आणि काचेच्या आड असताना फार भीती नाही पण कंपास उघडायचा नाही, खुणा खरवडायच्या नाहीत, वाळलेल्या रंगाची भुकटी नाकातोंडात जाता कामा नये. हाताळल्यावर हात धुवायचे. रेडियममधून रेडॉन वायू सुटतो म्हणून बंद कपाटात दहा-बारा कोंबून ठेवायचे नाहीत, आणि झोपायच्या खोलीत तर नाहीच. त्या रविवारी घासताना माझं फडकं झाकणाच्या कडेच्या खुणांपर्यंत पोचलं नव्हतं ह्याबद्दल मी अजून देवाचे आभार मानतो.

दुसरा कंपास तो शिंपल्याच्या डायलचा, खिशातला. त्याची तर वेगळीच गंमत झाली. ड्रॉवरमध्ये ठेवला, दोन आठवड्यांनी काढला तर उत्तरेचा काटा दक्षिणेला. अगदी ठाम, जरासुद्धा संकोच नाही. ड्रॉवरमध्ये त्याच्या शेजारी टॅबलेटचं कव्हर होतं आणि त्याच्या कडेला चुंबक असतात हे मला आधी सुचायला हवं होतं. जुन्या काट्यांचं चुंबकत्व तसंही मऊ झालेलं असतं, जोरदार चुंबक चिकटून राहिला की पक्ष बदलतात. उपाय काकांनी केला, बटणाने काटा लॉक करून, म्हणजे तो फिरू शकणार नाही असा, आणि बाहेरूनच एक तगडा चुंबक योग्य टोकाने लावून. दोन मिनिटांचं काम. मला करू दिलं नाही, तुझा हात म्हणाले जरा कामसू आहे. तेव्हापासून माझे कंपास एकमेकांपासूनसुद्धा हातभर लांब ठेवतो, कारण तेही एकमेकांना ओढतातच की.

त्या छोट्या डायलवर उत्तरेच्या जरा डावीकडे एक बारीक खूण आहे. ती चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यातला फरक दाखवायची, त्या काळी लंडनला हा फरक पंधराएक अंश पश्चिमेला होता. पुढे तो कमी कमी होत गेला आणि २०१९ मध्ये ग्रिनिचला दोन्ही उत्तरा एका रेषेत आल्या, सुमारे ३६० वर्षांनी. म्हणून अशी खूण किती अंशांवर आहे त्यावरून डायलच्या वयाचा अंदाज बांधता येतो, नकली बनवणारे इथे हमखास फसतात, ते एक तर खूण टाकतच नाहीत नाहीतर नक्षी म्हणून कुठेही टाकतात.

चामड्याच्या केसचं थोडक्यात. माझ्या मार्क ७ बरोबर जी केस आली तिच्यावर १९१६ आहे आणि कंपास १९१७ चा, म्हणजे हे लग्न नंतर कुणीतरी लावून दिलेलं. चालतं. पण कंपास केसमध्ये कायमचा ठेवू नका, चामडं कमावायला वापरलेल्या द्रव्यांमुळे पितळेवर हिरवा कळंक चढतो, शिवणीच्या रेषेत तर हटकून. दोघांना शेजारी ठेवायचं, एकत्र नाही.

आता ते नाव. घासल्यावर आडनाव स्पष्ट दिसायला लागलं, तेवढं खोल खरवडलेलं होतं. त्याच्या आधी दोन अक्षरं, दुसरं नीट, पहिलं पुसट. आडनाव मी इथे लिहीत नाही, त्यांच्या घरचं कुणी असेलही कुठेतरी. तेव्हाचे अधिकारी बरंच सामान स्वतःच्या पैशाने घ्यायचे, पण सरकारी कंपासवरही नाव खरवडून ठेवायचे, हरवला तर परत यावा म्हणून. म्हणजे हा अधिकारी असणार, असं धरून लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजच्या कॅटलॉगमध्ये शोधायला बसलो. अधिकाऱ्यांच्या फायली तिथे डब्ल्यूओ ३३९ आणि ३७४ ह्या मालिकांत आहेत, पण त्याही अपुऱ्या, कारण १९४० च्या बाँबहल्ल्यात युद्धखात्याचं दफ्तर जळालं, साध्या सैनिकांची कागदपत्रं तर बहुतेक गेलीच, आणि अधिकाऱ्यांच्या मुख्य फायलीही गेल्या, उरला तो पत्रव्यवहार. मेडल कार्डं, म्हणजे कुणाला कुठलं पदक मिळालं त्याच्या नोंदी, आहेत, पण अधिकाऱ्यांना युद्धाची पदकं आपोआप मिळत नसत, अर्ज करावा लागे, आणि ज्याने केला नाही त्याचं कार्ड नसण्याची शक्यता. वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या, म्हणजे युद्धात गेलेल्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, यादीतही शोधलं, न सापडावं अशी मनात प्रार्थना करत.

तीन माणसं उरली. तिघांचं आडनाव तेच, तिघांचं दुसरं अक्षर तेच. एक तोफखान्यातला, एक पायदळातला लेफ्टनंट, तो त्या वॉर ग्रेव्ह्जच्या यादीत सापडला, १९१८ च्या मार्चमध्ये गेलेला, आणि तिसरा इंजिनिअर्समधला. तिघांची पहिली अक्षरं वेगवेगळी. म्हणजे ते एक पुसट अक्षर वाचता आलं असतं तर माझ्या हातातला कंपास कुणाचा हे दोन मिनिटांत कळलं असतं.

भिंगाखाली बघितलं, तिरका उजेड टाकून बघितलं, कागद ठेवून त्यावर पेन्सिल फिरवून बघितली. एकदा इंग्रजी 'जे' वाटतं, एकदा 'टी'. मग जुन्या लिस्टिंगचे फोटो आठवले, घासण्याआधीचे, मी सेव्ह करून ठेवले होतेच, घाईघाईने उघडले. मागच्या बाजूचा एकच फोटो आहे. आडनाव मळात बुजलेलं, नंबर दिसतो, बाण दिसतो, आणि बरोबर त्या पहिल्या अक्षरावर विकणाऱ्याचा अंगठा. त्याला लिहिलं, दुसरा फोटो आहे का, अक्षर आठवतंय का. त्याने सज्जनपणे उत्तर दिलं की फोटो एवढाच, पण अक्षर तर कंपासवर असेलच ना, मळ काढून बघा.

त्या अक्षराच्या जागी आता बारीक गोल गोल रेघा आहेत, भिंगातून अगदी स्वच्छ दिसतात.